धुण्याच्या दगडाची पत्रिका

"यंत्रं किती?"

गुडगावात भाड्याची जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी बसमध्ये पाठ करून गेलो होतो. मांसमच्छी नाही, गाणंबजावणं नाही, पाहुणे फक्त दिवाळीत. त्यामुळे मी आपला सवयीने म्हणालो, "आम्ही दोघंच. म्हणजे, दिवाळीच्या सुमारास तिसरं..."

"माणसांचं मी विचारलं नाही," ते म्हणाले. "माणसं आपली आपण बरी होतात. यंत्रं किती?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून यादी सांगितली: एक ट्रान्झिस्टर, एक इस्त्री, एक टेबलफॅन आणि लग्नात आलेले दोन मिक्सर. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून सगळं लिहून घेतलं. मिक्सरपाशी पेन्सिल थांबली.

"दोन कशाला?"

"एक मामांनी दिला, एक ऑफिसातल्यांनी."

"एक आत येईल. दुसऱ्याची सोय बाहेर करा."

मामांचा मिक्सर पुण्याला सासूबाईंच्या कपाटात गेला आणि पुढे कित्येक वर्षं खोक्यातच राहिला. काकांच्या मते आमच्या संसारातलं तेवढं एकच यंत्र हिशेबात बसणारं होतं.

काका म्हणजे हेच घरमालक. परमुलखात मराठी घरमालक मिळाला की तो पहिल्या महिन्यातच काका होतो, मग तो कितीही विक्षिप्त असो. ते एका सरकारी खात्यात यंत्रांची खरेदी आणि देखभाल बघत असत. तीस वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे प्लॉट घेऊन दुमजली घर बांधलं होतं. खाली ते आणि काकू, वर भाडेकरू. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर, कानावर पेन्सिल, हातात हिरव्या कापडी बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर. दाराला विजेची घंटा नव्हती. तिची पत्रिका वाईट निघाली होती म्हणे. तिच्याऐवजी देवळात असते तशी पितळी घंटा दोरीला बांधलेली होती. त्यामुळे वीजबिल द्यायला आलेला माणूससुद्धा घंटा वाजवून क्षणभर डोळे मिटत असे.

तेव्हा गुडगावला आजचे मनोरे नव्हते. सेक्टरचे नंबर होते, दोन नंबरांच्या मधे मोहरीची शेतं होती, आणि सकाळी गच्चीवर मोर येत. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज छापून येई. आमच्या गल्लीपुरती ती दारं म्हणजे टेम्पोची मागची फळी. रोज कुणाच्या तरी फाटकासमोर ती उघडायची आणि एक खोकं उतरायचं. आज कुणाकडे रंगीत टीव्ही, उद्या कुणाकडे मायक्रोवेव्ह. वीज दिवसातून सहा तास नसे, पण खोकी येतच होती.

आणि मी? मी एका परदेशी भागीदारीच्या कंपनीत फोटोकॉपीची मशीनं विकत असे. खरं सांगायचं तर मशीन नव्हे, किंमत विकत असे. "सर, इस दाम में तो बिल्कुल मुफ़्त समझिए." पुढे शाईला, ड्रमला, कारागिराला किती लागेल हे गिऱ्हाइकाने विचारायच्या आत सही घ्यायची, एवढंच माझं प्रशिक्षण. म्हणजे नेमका ज्याने माझ्यासारख्याला फाटकातच अडवावं, त्याच्याच घरात मी भाड्याने राहायला गेलो होतो.

काकांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: "किंमत सोडा, नांदणूक सांगा."

यंत्राची किंमत म्हणजे वरात, असं ते म्हणत. एक दिवसाची. बँड वाजतो, पेढे वाटतात, शेजारी बघायला येतात. खरा खर्च ते घरात नांदायला लागल्यावर सुरू होतो, आणि तो कधी संपेल हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याला माहीत असतं. स्टॅबिलायझरला ते पाठराखीण म्हणत. "नवरीबरोबर आली ती परत गेलीच नाही."

एवढ्यावर थांबले असते तर ते शहाणे गृहस्थ ठरले असते. पण नांदणूक ते रुपयांत मोजत नसत. रविवारांत मोजत.

"रुपया दरसाल बदलतो," ते मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगत होते. "फूटपट्टी दरसाल आखूड व्हायला लागली तर सुतार कपाट करेल का? रविवार मात्र माझ्या बापाच्या वेळीही बारा तासांचा होता, आजही बाराच तासांचा आहे."

"चोवीस ना, काका?"

"झोपेत यंत्र दुरुस्त करता तुम्ही?"



रजिस्टरात प्रत्येक यंत्राला एक पान आणि प्रत्येक पानावर अकरा रकाने. आणणे, बसवणे, शिकणे, चालवणे, पुसणे, बिघडणे इथवर कुणालाही कळेल. त्यापुढे 'कारागीर शोधणे', 'कारागिराची वाट बघणे' आणि 'कारागिराशी भांडणे' हे तीन वेगवेगळे रकाने. दहावा 'शेजाऱ्याला उसने देणे व परत मागण्यास संकोच'. आणि अकरावा, सगळ्यांत रुंद, 'टाकून न देणे'. यंत्र मेल्यावर आपण ते माळ्यावर ठेवतो, दर दिवाळीला खाली काढतो, पुसतो, "बघू, होईल कशाला तरी उपयोग" म्हणतो आणि परत वर ठेवतो. "यंत्राचं मेल्यानंतरचं आयुष्य जिवंतपणीच्या दुप्पट असतं," काका म्हणत. "तो खर्च कुणी धरतच नाही."

ह्यात मला हसण्यासारखं काही सापडत नसे, कारण आमच्या पुण्याच्या माळ्यावर तेव्हा दोन मेलेले रेडिओ आणि एक शिवणयंत्र सुखाने नांदत होतं.

खात्यातली त्यांची एक गोष्ट मी त्यांच्याच तोंडून पाच-सहा वेळा ऐकली. एका नव्या इमारतीसाठी पंखे घ्यायचे होते. दोन कंपन्यांचे दर आले. स्वस्त तो घ्यावा असं सगळ्यांचं मत. काकांनी फाइल थांबवली. पंखा किती वर्षं फिरेल, तेल किती वेळा, तेल घालताना शिडी कोण धरणार, आणि शिडी धरणाऱ्याचं काम तेवढ्या वेळात कोण करणार? हा शेवटचा मुद्दा लिहिण्यात एक अख्खा उन्हाळा गेला. माणसं फायलींनी वारा घेत बसली. तोवर शेजारच्या खात्याने तेच स्वस्त पंखे घाईघाईने लावून टाकले होते. ते एकेक करून बंद पडले तरी काकांची फाइल चालूच होती.

"शेवटी अंदाज करायची गरजच उरली नाही," काका अभिमानाने सांगत. "प्रत्यक्ष आकडे हाती आले."

"मग पंखे कुठले घेतले?"

"पंखे? तोवर तिथे एअरकंडिशन बसलं."

गल्लीत मात्र त्यांना मोठा मान होता. समोरचे बत्राजी दर महिन्याला नवीन खोकं आणत आणि ते फोडायच्या आधी काकांची घंटा वाजवत. "साब, ज़रा इसकी कुंडली निकाल दो." काका गंभीरपणे खोक्याला एक प्रदक्षिणा घालत, मागची पाटी वाचत, दोनचार प्रश्न विचारत आणि दोन दिवसांनी आकडा सांगत.

"एक सौ अठहत्तर इतवार."

"बाप रे. और वो जो पिछले महीने वाला था?"

"वो नब्बे था. वो अच्छा लड़का था."

बत्राजी मान डोलवत आणि घरी जाऊन खोकं फोडत. त्यांनी एकही वस्तू परत केल्याचं मी पाहिलं नाही. पण पत्रिका बघितल्याशिवाय लग्न करत नसत.

हे सगळं मजेचं होतं, जोवर आमचं काही त्या रजिस्टरात अडकलं नव्हतं.

दिवाळीनंतर चार दिवसांनी आमची मुलगी झाली. गुडगावचं पाणी बोअरवेलचं, खारं आणि जड. साबणाला फेस येत नसे. मागच्या अंगणात एक धुण्याचा दगड होता, काकूंचा, सरोजिनी नगरहून ट्रकमध्ये घालून आणलेला. सकाळी सात ते आठ काकू त्यावर धूत, आठनंतर तो आमचा. नोव्हेंबरअखेर पाण्यात हात घातला की हाडापर्यंत कळ जाई. रोजचे पंचवीस-तीस लंगोट आणि दुपटी. बायकोच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मग त्या भेगांतून रक्त यायला लागलं. मी तिला व्हॅसलीनची डबी आणून दिली आणि आपण फार समजूतदार नवरा आहोत असं मला दोन दिवस वाटलं. (लंगोट मी का धूत नव्हतो, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मला ऑफिस होतं. तेव्हा हे उत्तर पुरेसं मानलं जाई. मीही मानत होतो.)

"अहो, मशीन घेऊ या," ती म्हणाली. "थंडी वाढायच्या आत."

पैसे साठले होते. दुकानही ठरलं होतं. अडलं ते एका कागदावर. भाडेकरारात सातवं कलम होतं: कोणतेही नवे यंत्र मालकांनी नांदणूक काढल्याशिवाय वर येणार नाही. सही करताना मी हसलो होतो.

काकांनी काम लगेच हाती घेतलं. हेच वाईट झालं. त्यांनी कोरडा लंगोट तोलला, मग ओला तोलला. समोर बत्राजींकडे जाऊन त्यांच्या मशीनसमोर खुर्ची टाकून दोन धुणी पूर्ण पाहिली. मिसेस बत्रांनी त्यांना दोन वेळा चहा दिला. तोही त्यांनी 'चालवणे' ह्या रकान्यात धरला.

"झालं का, काका?" मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विचारलं.

"दोनशेच्या वर जातंय. पण सातवा रकाना अडलाय. खाऱ्या पाण्याने मोटर किती वर्षांत जाते ते कळल्याशिवाय कारागीर किती वेळा शोधावा लागेल ते कसं कळणार?"

"आणि ते कसं कळेल?"

"बत्राजींची मोटर जाऊ दे."

मी वर जाऊन हा निरोप जसाच्या तसा सांगितला.  बायकोने बत्राजींच्या घराकडे अशा नजरेने पाहिलं की ती मोटर त्याच क्षणी जळायला हवी होती.

मग धुकं आलं. दिल्लीकडचं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, त्यात समोरचं फाटक दिसत नाही आणि लंगोट चार-चार दिवस वाळत नाहीत. घरभर दोऱ्या. आम्ही वाकून चालत होतो. शेवटी मी एक युक्ती केली. आमच्या ऑफिसात दाखवायला ठेवलेलं फोटोकॉपी मशीन दिवसभर चालू असे आणि त्याच्या पाठीला छान ऊब असे. मी सकाळी ब्रीफकेसमध्ये आठ ओले लंगोट घालून नेऊ लागलो आणि संध्याकाळी आठ कोरडे परत. आठवडाभर निभलं. एक दिवस अचानक साहेब गिऱ्हाइकाला घेऊन आत आले. हातात लंगोट. मी मशीनचं झाकण उघडलं, आत टाकला, झाकण लावलं. गिऱ्हाईक उत्साही होतं. त्याने हिरवं बटण दाबलं.

कागद बाहेर आला. त्रिकोण, दोन बाजूंना नाड्या, आणि एकेक धागा मोजता यावा इतका स्वच्छ.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"सर, कपड़े का नमूना," मी म्हणालो. "बुनाई देखिए."

गिऱ्हाईक कपड्यांचा निर्यातदार निघालं. त्याने कागद उजेडाला धरून पाहिला, दोन मशीनं घेतली आणि तो कागदही मागून नेला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. संध्याकाळी घरी ही कर्तबगारी मी रंगवून सांगितली. बायकोने ऐकून घेतलं, मग दोन्ही हात माझ्यापुढे उताणे धरले. 

"संक्रांतीपर्यंत मशीन आलं नाही," ती म्हणाली, "तर मी मुलीला घेऊन पुण्याला जाते. पाणी गोड झालं की बोलवा."

गुडगावचं पाणी गोड व्हायची शक्यता नव्हती.

संक्रांत आली. मशीन आलं नाही. बायकोने तिकिटाची चौकशी करायला मला स्टेशनवर पाठवलंही होतं. पण त्याआधी एक कार्यक्रम ठरलेला होता. दिल्लीतली मराठी मंडळी संक्रांतीला पानिपतला काला अंबला जात, काका-काकू दर वर्षी जात, आणि काकूंनी बायकोला गळ घातली, "जायचंय ना, मग एकदा बघून जा." मिनीबस केली होती. मुलीला तीन दुपट्यांत गुंडाळून आम्ही निघालो.

तिथे स्तंभापाशी सगळे हात जोडून गप्प उभे राहतात. काकाही राहत. मिनिटभर. मग शेजारी जो असेल त्याला त्यांचं विवेचन सुरू होई. त्या वर्षी शेजारी आम्ही होतो.

"शौर्यात कुठे कमी नव्हते आपले लोक," काका हळू आवाजात म्हणाले. "चुकला तो अंदाज. इथवर यायचा खर्च धरला, इथे राहायचा धरला नाही. तोफा आणल्या. तोफ ओढणाऱ्या बैलाला थंडीत वैरण कुठून? बैलवाल्याला धान्य कुठून? वरात पोचली. नांदणूक कुणी काढली नाही."

मला ते पटलं. खरं म्हणजे आजवर काकांचं मला पटलेलं ते पहिलं वाक्य. बायकोने मुलगी माझ्याकडे दिली.

"काका, बरोबर बायका पण होत्या ना?"

"होत्या तर. कुटुंबं होती, यात्रेकरू होते. लढणाऱ्यांपेक्षा बाकीचेच जास्त होते, असं सांगतात."

"त्यांचं धुणं कोण धूत होतं?"

काकांनी कानावरची पेन्सिल चाचपली. "म्हणजे?"

"एवढी माणसं. महिनोन् महिने मुक्काम. थंडी हीच, पाणी हेच. कपडे कुणीतरी धूतच असेल ना? ते कुठल्या रकान्यात?"

 शेजारी काकू डब्यातून तिळगूळ वाटत होत्या. त्यांनी वर न बघताच उत्तर दिलं.

"ते धरत नसतात गं. ते आपोआप होतं." आणि नवऱ्याच्या तळव्यावर एक वडी ठेवून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

 परतीच्या वाटेवर ती वडी मुरथळपर्यंत काकांच्या मुठीत होती. धाब्यावर सगळे पराठे खायला उतरले, हे बसमध्येच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गच्चीतून खाली पाहिलं तर काकू दगडावर धुणं आपटत होत्या आणि काका बाजूला घड्याळ घेऊन उभे होते.

"सरका," काकू म्हणाल्या. "घड्याळ भिजेल."

असं आठ दिवस चाललं. बायकोचं तिकीट मी मुद्दाम काढलं नव्हतं. स्टेशनवर गर्दी होती असं सांगितलं होतं. नवव्या दिवशी घंटा वाजली. आमच्याकडे यायला काकांना घंटा वाजवायची काही गरज नव्हती, घर त्यांचंच होतं. पण त्यांनी वाजवली आणि आम्हाला खाली बोलावलं. काकूंनाही स्वयंपाकघरातून बोलावून खुर्चीवर बसवलं. हात पदराला पुसत त्या बसल्या, आणि उठायची वाट बघत असल्यासारख्या काठावर बसल्या.

काकांनी रजिस्टर उघडलं.

"धुण्याचं मशीन," त्यांनी वाचलं. "अकरा रकाने मिळून दोनशे बारा रविवार." पान उलटलं. "आता धुण्याचा दगड. आणणे, घरच्या सामानाच्याच ट्रकमधून, म्हणून शून्य. शिकणे, शून्य. बिघडणे, शून्य. कारागीर, तिन्ही रकाने शून्य."

बायकोने माझं कोपर धरलं. मला वाटलं, संपलं. गाडी पुण्याला.

"चालवणे," काका म्हणाले आणि चष्मा पुसला. "भिजवणे, आपटणे, पिळणे, वाळत घालणे, काढणे, घड्या. रोजचा सव्वा तास भरला. माहेरपण आणि आजारपण यांची वजावट करून एक तास धरला. चौतीस वर्षं."

"आजारपणाची वजावट कशाला?" काकूंनी विचारलं.

"तेव्हा तू धूत नव्हतीस."

"मग कोण धूत होतं?"

काकांनी आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "मग अंदाज कमीच आहे," ते म्हणाले. "तरी कमीत कमी धरून, एक हजार चौतीस रविवार."

 मागे स्टोव्हवर काहीतरी उतू जात होतं.

"म्हणजे वीस वर्षांतला एकूण एक रविवार," काका म्हणाले. "दगडावर गेला. आणि पानच नव्हतं."

"मला विचारलं असतंत तर तोंडी सांगितलं असतं," काकू म्हणाल्या आणि दूध बघायला उठल्या.

काकांनी आमच्या पानावर 'मशीन यावे' असं लिहून खाली सही ठोकली. तिसऱ्या दिवशी गल्लीत टेम्पो उभा राहिला. बत्राजींनी पेढे मागितले. मशीन वर चढलं, आणि पहिलं धुणं सुरू झालं तेव्हा बायको त्याच्यासमोर स्टूल टाकून, मांडीवर मुलगी घेऊन, ते संपेपर्यंत बसून राहिली. पुण्याची गोष्ट निघाली नाही.

आता काकासुद्धा काकूंसाठी मशीन घेतील, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी घेतलं नाही.

"मशीनने पुढचे वाचतील," ते म्हणाले. "गेलेले मशीन कसं परत देणार? ते माझ्याकडे निघतात."

पुढच्या रविवारी सकाळी काका दगडावर बसले. गुडघे कानाला लागलेले, डोक्यात माकडटोपी, स्वेटर काढून ठेवलेला. रविवारभर काकूंनी कशालाच हात लावायचा नाही, धुणं त्यांचं, स्वयंपाक त्यांचा. स्वयंपाक म्हणजे पिठलं. दर रविवारी पिठलं. एक हजार चौतीस रविवार पिठलं, हा अंदाज काकूंनी मनातल्या मनात केला असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या.

"कॉलर घासा."

"घासतोय."

"ती बाही आहे."

दोन रविवार गेले आणि काका वर आले. तेव्हा ते त्रेसष्टचे होते. वीस वर्षं मिळण्याची खात्री नाही, तेव्हा वेग वाढवावा म्हणून आमचे लंगोटही त्यांना धुवायला हवे होते.

"काका, आमचं मशीन आहे आता," मी म्हणालो.

"ते राहू दे बंद. त्याचंही आयुष्य वाढेल."

काकू जिन्याखालूनच ओरडून म्हणाल्या, "त्यांचे लंगोट धुतल्याने माझे रविवार कसे फिटतील?"

काकांनी ह्यावर दोन दिवस विचार केला आणि मग मुद्दा बरोबर असल्याचं वर येऊन कळवलं. त्या दोन दिवसांत आम्ही मशीन भीतभीतच चालवलं.

रिकामा रविवार काय करायचा असतो हे काकूंना पहिले काही महिने कळत नव्हतं. त्या खुर्चीवर बसत आणि मधूनच दचकून उठत. मग एका रविवारी बायको त्यांना सरोजिनी नगरला बाजारात घेऊन गेली. तीस वर्षं त्या बाजाराला पाठ लावून राहिलेल्या काकू तिथे पहिल्यांदा चार तास नुसत्या फिरल्या. काही घेतलं नाही. एका शालीचा भाव उतरवत उतरवत निम्म्यावर आणला आणि सोडून दिली. "मजा आली," एवढंच म्हणाल्या. मग दर रविवारी जाऊ लागल्या, बस बदलून, एकट्या.

सात वर्षांनी आम्ही ते घर सोडलं. पुढे उंच इमारतीत, सोळाव्या मजल्यावर आलो. ते मशीन कधीच मेलं. ते आमच्या बाल्कनीत आहे, त्याच्यावर कुंड्या आहेत. अकरावा रकाना.

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मध्यंतरी आम्ही दोघं काकांकडे गेलो. आजूबाजूचे प्लॉट चार-चार मजले चढलेत, मधे ते घर बुटकं दिसतं. पितळी घंटा तशीच. मी वाजवली आणि डोळे मिटले. रविवार होता. बायकोने मुद्दाम रविवार निवडला होता.

काकूंनी दार उघडलं. आत न्हाणीच्या बाहेर एक नवं कोरं मशीन घरघरत होतं, समोर गोल काच असलेलं. त्याच्यासमोर दोन खुर्च्या. एकीवर काका, चौऱ्यांशीचे, बिनबाह्यांच्या स्वेटरात. काचेत निळा शर्ट आणि पांढरा परकर एकमेकांभोवती फिरत होते आणि ते टक लावून बघत होते.

"गुडघे गेले ह्यांचे," काकू म्हणाल्या. "मीच घेतलं मशीन. पत्रिका न बघता."

"मशीन धुतं," काकांनी मान न वळवता खुलासा केला. "पण वेळ मलाच द्यायला हवा. म्हणून संपेपर्यंत बसतो."

"आणि काकू?"

"त्यांनी बसायचं कारण नाही. त्यांचा रविवार आहे."

"मला बघायला आवडतं," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर, आता काठावर नव्हे, चांगल्या पाठ टेकून बसल्या.

लग्नाची पत्रिका दिली, पेढे दिले, पिठलं नको म्हणून सांगितलं. निघताना मी विचारलं, "किती राहिले, काका?"

"एकोणचाळीस."

काकूंनी बायकोच्या हातावर हलकेच हात ठेवला. "गेली दोन वर्षं एकोणचाळीसच सांगतायत," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "रजिस्टर बघू?"

काकांनी बोटाने खाली दाखवलं. मशीनच्या मागच्या डाव्या पायाखाली हिरव्या कापडी बांधणीचा एक कोपरा दिसत होता.

"फरशी तिथे उतरती आहे," काका म्हणाले. "काढलं तर मशीन नाचतं. आता ते काढता येणार नाही."

आत पाणी बदललं. दोघं पुन्हा काचेकडे बघायला लागली.